बत्तीस पानांत कुरुक्षेत्र

मुलांचं चित्रांचं पुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं. ह्यामागे बालमानसशास्त्र वगैरे काही नाही, छापखान्यातली घडी आहे. मोठ्या तावाला घड्या पडत गेल्या की सोळा पानांचा फॉर्म होतो. दोन फॉर्म झाले की पुस्तक. त्यातून नावाचं पान, प्रकाशकाचं पान, अर्पणपत्रिका अशी वजाबाकी केली की गोष्टीच्या वाट्याला चौदा जोडपानं येतात. महाभारताची पर्वं अठरा, युद्धाचे दिवस अठरा, दोन्हीकडच्या मिळून अक्षौहिणीही अठरा. चौदात अठरा बसवायचे हे काम मी हौसेनं अंगावर घेतलेलं, त्यामुळं कुरकुर तरी कुणाजवळ करणार!

चित्रं काढणारा मित्र नांदेडचा, शाळेत चित्रकला शिकवतो. मी लातूरला. त्यानं कच्ची चित्रं काढायची, मी मजकूर लिहायचा आणि मग दोघांनी मिळून एकमेकांचं खोडायचं, असा रिवाज पडला. चित्रांची वळकटी घेऊन मी एसटीनं परत निघालो की चाकूर-अहमदपूरपर्यंत शेजारच्या प्रवाशाला राहवत नसे. एकदा पटकेवाले एक आजोबा बराच वेळ डोकावून बघत होते. शेवटी म्हणाले, "ह्यो भीम का?" मी हो म्हटलं. "मग पोट कुठं गेलं त्याचं? उपाशी ठिवलात का?" आणि त्यांनी भीमानं बकासुराचं जेवण कसं फस्त केलं ते अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ह्या गोष्टीचा कुणी एक मालक नाही आणि दुरुस्त्या सुचवायला कुणाला निमंत्रण लागत नाही, हे त्या प्रवासांत पक्कं कळत गेलं. मित्रानं भीमाचं पोट वाढवलं.

पण ते पोट, त्या मिशा, ते डोळे कुठून आणायचे? आमच्याकडं पांडवांना तोंडंच नव्हती.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत येळवस असते. पंचांगात ती वेळा अमावास्या, बोलण्यात येळवस. त्या दिवशी लातूरच्या गंजगोलाईत चिटपाखरू दिसत नाही, सगळं शहर शिवारात गेलेलं असतं. ज्याचं रान नाही तो दुसऱ्याच्या रानात पाहुणा. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, हरभरा घाट्यावर. शेताच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप घालायची आणि आत पाच दगड मांडायचे, चुन्यानं पांढरे केलेले, वर कावेचे ठिपके. हे पांडव. काही शिवारांत द्रौपदीचाही एक दगड असतो. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर, आंबील, सगळ्याचा पहिला घास त्यांचा. आम्हा लेकरांचा वाद एकच असे: ह्यातला भीम कोणता? सगळ्यांत थोराड दगड भीम, हे वादातीत. भांडण अर्जुनावरून. आजीला विचारलं तर ती भज्जी वाढता वाढता म्हणायची, "जेवताना तुज्या ताटाकडं बगंल तो भीम." मग त्या दिवशी जेवताना एक डोळा ताटावर आणि एक दगडांवर.

ह्या पाच दगडांपेक्षा थोडक्यात महाभारत कुणी चितारलं असेल असं मला वाटत नाही. ना चेहरा, ना आयुध, ना मजकूर. बाकी सगळं बघणाऱ्यानं घालायचं. आता ह्याच लेकरांच्या हातात आपण चकचकीत कागदावरचा, मुकुट-कवचातला, नाकीडोळी नीटस अर्जुन देणार. दिला की भांडण मिटलं. ते मिटावं का, ही माझी खरी अडचण होती, आणि ती मी मित्राला बरेच दिवस सांगितली नाही. चित्रकाराला चेहरे काढू नकोस म्हणणं बरं दिसत नाही.

त्याच्या वर्गातल्या पोरांना त्यानं कृष्ण काढायला सांगितला होता. सगळ्यांचा कृष्ण मालिकेतला. १९८८ ते १९९० ह्या काळात दर रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांच्या महाभारतानं गावंच्या गावं एका टीव्हीपुढं आणून बसवली, तेव्हापासून आमच्या पिढीचा कृष्ण नितीश भारद्वाजांसारखा हसतो. आताच्या पोरांचा २०१३च्या मालिकेतला. त्यातले पाचही पांडव थेट व्यायामशाळेतून निघून वनवासाला आलेले दिसतात. म्हणजे मुलांची पाटी कोरी असते हा भ्रम. पाटीवर आधीच कुणीतरी गिरवून ठेवलेलं असतं. आपण फार तर त्यावरून ओला बोळा फिरवू शकतो.

मग आम्ही जुन्यांकडं गेलो. आमच्या आधी ही गोष्ट चित्रांत कुणी सांगितली, हे शोधता शोधता फार लांब जावं लागेल असं वाटलं होतं, आणि निघालं घरातलंच. वेरूळचं कैलास लेणं खोदवणारे राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूर ह्या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवून घेत. अमोघवर्षाच्या शिलालेखांत ते बिरुद येतं. अभ्यासकांनी हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर असं धरलं आहे. राज्य गेलं मालखेडला, दरारा गेला कनौजपर्यंत, बिरुदात गाव मात्र जुनंच राहिलं. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस 'मूळचे आम्ही औशाचे' म्हणतो, त्यातलाच प्रकार. ह्या घराण्यातल्या पहिल्या कृष्णानं आठव्या शतकात कैलास घडवला आणि त्याच्या मंडपाच्या दोन अंगांना दोन महाकाव्यं कोरली गेली. दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, उत्तरेच्या भिंतीवर महाभारत, आणि त्याच भिंतीवर कृष्णाच्या बाललीलाही.

त्यातली रामायणाची भिंत आम्ही दोघांनी मिळून पाहिली तेव्हा मित्र तिच्यासमोरून हलेना. एकावर एक आडव्या पट्ट्या आणि पट्टीत माणसांची दाटी. चौकट नाही, मधे रेघ नाही, एका प्रसंगातला माणूस संपतो न संपतो तोच शेजारी दुसऱ्या प्रसंगातला उभा. खालच्या बाजूला वानर दगड वाहून नेताहेत, सेतू चाललाय. ओळखीचा प्रसंग दिसला की मुलं बोट दाखवतात. जो ओळखू येत नाही तो तिथला एखादा म्हातारा सांगतो, हमखास आत्मविश्वासानं आणि अधूनमधून चूक. शिल्पकारानं नावं कोरलेली नाहीत. त्यानं सांगणाऱ्याची जागा मोकळी ठेवली, असं मी म्हटलं. मित्र म्हणाला, "जागा नव्हती म्हणून नावं नाहीत. तू प्रत्येकात तत्त्वज्ञान शोधू नको." तरी त्यानं परत आल्यावर चौकटी मोडल्या. लाक्षागृह जळतंय आणि त्याच जोडपानात, त्याच जमिनीखालून पाच भाऊ आईला घेऊन भुयारातून चाललेत, हे आता एकाच चित्रात आहे. वर आग, खाली अंधार. कुंतीला भीमानं खांद्यावर घेतलंय. ह्या पानाला मी दोनच ओळी लिहिल्या, त्यातलीही एक पुढं काढून टाकली.

चित्र दाखवत गोष्ट सांगणाऱ्यांची जात आपल्याकडं किती जुनी? निलंग्याच्या पलीकडं सरहद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं, चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख सापडतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजानं चित्रकथी अजून जागती ठेवली आहे; तिथल्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि आमच्या गोदावरीच्या काठी, नांदेडच्या वरच्या अंगाला, पैठण. एकनाथांचं 'भावार्थ रामायण' तिथलं, मराठीत महाभारताची पर्वं रचणारा त्यांचा मुलीकडचा नातू मुक्तेश्वरही तिथलाच. त्याच पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात.

ही चित्रं जवळून बघावीत. चेहरा बाजूनं, पण डोळा पूर्ण, समोरून दिसावा तसा मोठा, कानाकडं ओढलेला. तांबडा, पिवळा, निळा सपाट भरलेला, छाया-प्रकाशाची भानगड नाही. दोन कागद पाठीला पाठ लावून डकवलेले, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. आणि मला सगळ्यांत आवडतं ते हे, की राक्षस आणि वीर ह्यांचे डोळे एकाच हाताचे. दोघेही तितकेच टक्क जागे. राक्षस दातांनी, केसांनी, रंगानं वेगळा, डोळ्यांनी नाही. कोण चांगला, कोण वाईट हे चित्र सांगून टाकत नाही, ते काम सांगणाऱ्याच्या गळ्याचं. आम्ही दुर्योधनाच्या कपाळावर काढलेल्या आठ्या त्या दिवशी पुसल्या. गदायुद्धाच्या पानावर भीम आणि दुर्योधन आता जुळे वाटावेत इतके सारखे आहेत, फक्त धोतरांचा रंग वेगळा. बलरामाचे दोघं शिष्य, एकाच आखाड्यातले. वेगळे दिसावेत तरी कशाला?

राजेलोकांनाही हा नाद होता. साताऱ्याकडच्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे खंदे प्रचारक. त्यांनी १९१६ साली 'चित्ररामायण' छापून काढलं. दोन वर्षांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत त्यांनी महाभारताची सचित्र आवृत्ती काढा असा आग्रह धरला आणि लाख रुपये देऊ केले. त्या आग्रहातून १९१९ साली काम सुरू झालं ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं. बाराशेंवर हस्तलिखितं गोळा झाली, सुकथनकरांसारखा कडक संपादक मिळाला आणि १९६६ साली संहितेचं काम पुरं झालं. एका राजाला चित्रं हवी होती आणि पंडितांनी त्याला अर्ध्या शतकाच्या तळटीपा दिल्या. ह्या गोष्टीवर मी मनातल्या मनात अनेकदा हसलो आहे, आणि त्या तळटीपांपुढं हातही जोडले आहेत.

कारण आमचं सगळ्यांत मोठं भांडण त्यांच्यामुळंच मिटलं. भांडण होतं द्यूतसभेच्या जोडपानावरून. हे पान गाळावं असं पहिल्यांदा एका हितचिंतकांनी सुचवलं; लहान मुलांना कशाला ते? पण ते गाळलं तर पुढचं युद्ध नुसती जमिनीची भाऊबंदकी होऊन बसतं, आणि बांधावरच्या भाऊबंदकीच्या गोष्टी आमच्या पोरांना घरात पुष्कळ ऐकायला मिळतात. मग काढायचं, तर काय? वरच्या कोपऱ्यात ढगात कृष्ण, हातातून साड्यांचा ओघ, खाली हात जोडलेली गोरीपान द्रौपदी, हे कॅलेंडरवरचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांत ठाण मांडून आहे. मित्राला ते नको होतं. मला सोडवत नव्हतं. आजीनं ते सांगताना पदर डोळ्याला लावलेला मी पाहिला आहे. चिकित्सक आवृत्तीत पाहिलं, तर कृष्णाचा धावा मुख्य संहितेत नाहीच, तो तळटीपेत गेलेला. वस्त्र ओढलं जातं आणि दुसरं येतं, आणखी येतं. कुठून ते सांगितलेलं नाही. त्याच्या आधी मात्र एक गोष्ट आहे जी कॅलेंडरवाल्यांनी कधी काढली नाही. द्रौपदीला आणायला आलेल्या सेवकाला ती उलट पाठवते, एक प्रश्न देऊन: त्यांनी आधी स्वतःला पणाला लावलं की मला? तो बिचारा प्रश्न घेऊन सभेत जातो. भीष्म, द्रोण, कृप, सगळे तिथं असतात.

आमचं जोडपान असं झालं. आपण सभेच्या मागच्या बाजूला उभे आहोत. समोर पाठीच पाठी, मुकुट, फेटे, सगळ्या माना खाली. दूर द्रौपदी, ताठ, काळ्या रानाच्या मातीचा रंग तिला. व्यासांची द्रौपदी सावळीच आहे. आणि बसलेल्यांच्या गर्दीत एकच कोवळा मुलगा उभा राहून बोलतोय. तो विकर्ण, कौरव, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. वस्त्र पानाच्या उजव्या कडेनं आत येतं आणि डाव्या कडेनं बाहेर जातं. ते कोण देतंय हे ज्याला सांगायचं त्यानं सांगावं. आजी असती तर तिनं कृष्ण सांगितला असता आणि तिचं बरोबरच असतं. पुढं ह्याच विकर्णाला भीम मारतो, ते आमच्या चौदा जोडपानांत नाही. विचारील त्याला सांगायचं. एका पुस्तकविक्रेत्यानं चित्र बघून "बाई जरा उजळ करा, खपायला बरं" असं सांगून पाहिलं. मित्रानं त्याला चहा पाजला आणि रंग तसाच ठेवला.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं महाभारतावरचं लेखन 'व्यासांचे शिल्प' ह्या नावानं पुस्तकात आलेलं आहे. काम चालू असताना ते माझ्या उशाशी असायचं. त्यांच्यासारखं परखड होणं मला जमत नाही, मी श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'वर वाढलेला. चातुर्मासात आजोबा ती पोथी वाचत आणि भोवती बसलेल्या बाया वाती वळत. आजोबांचं सारं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी ज्वारीच्या पोत्यांचा हिशेब उर्दूत मांडून ठेवला आहे. अकबरानं फारसीत करवून घेतलेलं आणि एकाहून एक चितारी बसवून सजवलेलं 'रज्मनामा' नावाचं महाभारत जगात आहे, हे मला पुढं कळलं. त्याआधी त्या हिशेबाच्या पानामुळं माझी समजूत होती की पांडवांचा जमाखर्चही त्याच लिपीत असणार. वाचता वाचता आजोबा चष्मा काढत तेव्हा समजायचं, की आता पोथीत नसलेलं काहीतरी येणार. गोष्ट खरी तिथं सुरू व्हायची. ओवी संपल्यावर, पान उलटायच्या आधी.

बाकीची पानं तुलनेनं मुकाट्यानं झाली. घटोत्कच किती मोठा काढायचा हा प्रश्न कंधारला सुटला. तिथं क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे आहेत, राष्ट्रकूटांच्या काळातले. नुसत्या पायाशी उभं राहिलं की उरलेला देह आपण आपोआप आभाळात शोधू लागतो. घटोत्कचाच्या जोडपानावर म्हणून फक्त त्याचं पाऊल आहे आणि पळणारं सैन्य. एकलव्याच्या पानावर अंगठा नाही. तिथं तो कुत्रा आहे, बाणांनी तोंड बंद झालेला, तरी कुठं खरचटलेलं नाही. चकित होऊन वळून बघतोय. पोरं कुत्र्यावर खूश होतात आणि हे कुणी केलं, पुढं त्याचं काय झालं, असं विचारतात. तिथं मोठ्या माणसाला पुस्तक खाली ठेवून बोलावंच लागतं. गीतेला आम्ही एक पान दिलं, त्यावर मजकूर नाही: दोन सैन्यं थांबलेली, मधे रथ, चारही घोड्यांच्या माना मागं वळलेल्या. घोडे ऐकताहेत. ही कल्पना मित्राची, मला अजून ती किंचित आगाऊ वाटते.

छपाईला देण्याआधी औसा तालुक्यातल्या एका गावात पोरांना जमवून आम्ही कच्ची पानं दाखवली. चित्रकथ्यासारखं मी सांगायचं, मित्रानं पान उलटायचं. द्यूतसभेला पोरं गप्प झाली. भुयाराला पुढं सरकली. बकासुराच्या पानावर मित्रानं भीमाची गाडी हंगामात कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाडीवरून काढलेली, अन्नाच्या राशीनं अशीच वाकलेली, फक्त रबरी टायर काढून लाकडी चाकं लावलेली. मूळ गोष्टीत बकाला गाडीभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस लागे. मित्रानं रेड्यांच्या जागी खिलारी बैल जुंपलेले, कारण त्याला बैलच काढता येतात. भीम गाडीवर बसून गाडीतलं सगळं खातोय, मागून बक धावत येतोय. पुढच्या पानावर बक आडवा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी तेवढी हात वर करून बसली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली.

"गाडीचे बैल कुठं गेले?"

मी मित्राकडं बघितलं. तो पान उलटून मागचं बघायला लागला, जणू तिथं उत्तर असणार. खरंच, मारामारीच्या पानावर गाडी होती, जू होतं, बैल नव्हते. मी सांगून पाहिलं, की ते घाबरून पळाले असतील. "जू तोडून पळाले तर गळ्यात सापती दिसाव्या लागतेल," ती म्हणाली. शेजारचा मुलगा म्हणाला, बकासुरानं खाल्ले. त्यावरून वर्गात दोन तट पडले, भीम मागं असताना तो बैल खाऊच देणार नाही असं म्हणणारे आणि भीमाला काय, त्याचं सगळं लक्ष जेवणात असं म्हणणारे. शिक्षक दारातून आत आले तेव्हा माझ्याऐवजी ती मुलगीच पुढं उभी राहून सांगत होती, की बैल हुशार असतात, वाट त्यांना पाठ असते, ते रात्रीतून एकटे गावात आले असणार आणि भीम जिता आहे हे गावाला आधी बैलांवरूनच कळलं असणार.

हे व्यासांनी लिहिलेलं नाही. मित्रानं परतीच्या एसटीतच पेन्सिल काढली. जोडपान वाढवायला जागा नव्हती, तेव्हा अर्पणपत्रिकेचं पान गेलं.